असिस्टंट मॅनेजर की असिस्टंट टू द मॅनेजर?

फोंड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: सीएच्या ऑफिसात तीन वर्षं काम झालंय, आता बाहेरच्या कंपनीत अर्ज करायचाय. बायोडेटात लिहिलंय, 'आय ॲम वर्किंग ॲज अ असिस्टंट ऑफ सीए इन फोंडा सिन्स थ्री इयर्स'. मैत्रीण म्हणते 'ऑफ' चूक आहे. भाऊ म्हणतो 'हेल्पर' लिही. टायपिंगवाला म्हणतो सरळ 'असिस्टंट मॅनेजर' टाक, वजन पडतं. यातलं बरोबर काय, आणि हा शब्द इंग्रजीत वापरायचा कसा?

मैत्रिणीचं बरोबर आहे. भावाने सुचवलेला शब्द या कामाला बसत नाही, का ते पुढे येतं. टायपिंगवाल्याचं मात्र अजिबात ऐकू नका. त्याने सुचवलेला बदल भाषेचा नाहीच, तो हुद्द्याचा आहे, आणि नवीन कंपनीने जुन्या ऑफिसात फोन करून खात्री केली की तिथेच अर्ज संपतो.

गोंधळाचं मूळ असं की 'असिस्टंट' हे नाम दोन वेगळी कामं करतं, आणि कुठलं काम करतंय ते त्याची वाक्यातली जागा ठरवते. एखाद्या हुद्द्याच्या आधी चिकटून आलं तर तो हुद्द्याचाच भाग होतो: असिस्टंट मॅनेजर, असिस्टंट डायरेक्टर, असिस्टंट रजिस्ट्रार. हे स्वतःच अधिकारी असतात, यांच्या सहीला किंमत असते, यांच्या हाताखाली माणसं असतात. तेच नाम पुढे 'टू' घेऊन आलं, म्हणजे 'असिस्टंट टू द मॅनेजर', तर ते फक्त कोणाला मदत करता एवढंच सांगतं. मॅनेजरची पत्रं टाइप करणारा, त्याच्या भेटीगाठी ठरवणारा तो असिस्टंट टू द मॅनेजर. मॅनेजर रजेवर असताना चेकवर सही करणारा असिस्टंट मॅनेजर.

इंग्रजीत अडलात तर आधी मराठीत म्हणून बघा. 'सहायक संचालक' आणि 'संचालकांचे सहायक' यांत आपला कधीच गोंधळ होत नाही. सहायक शब्द आधी आला तर असिस्टंट डायरेक्टर, संचालकांना '-चे' लागलं तर असिस्टंट टू द डायरेक्टर. ही एवढी चाचणी दहापैकी आठ वेळा पुरते.

हा फरक किती मोठा असतो ते रिझर्व्ह बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांना विचारा. तिथे नुसतं 'असिस्टंट' ही कारकुनी श्रेणी आहे आणि 'असिस्टंट मॅनेजर' हा ग्रेड ए अधिकारी. दोन्हींच्या जाहिराती वेगळ्या, परीक्षा वेगळ्या, पगार वेगळे. पोलिसांत असिस्टंट सब-इन्स्पेक्टर हा सब-इन्स्पेक्टरच्या खालचा, पण असिस्टंट सुपरिंटेंडंट ऑफ पोलीस हा आयपीएस अधिकारी. म्हणजे 'असिस्टंट' शब्दाला स्वतःची उंची नाही, ज्या हुद्द्याला तो चिकटतो त्याच्या एक-दोन पायऱ्या खाली तो उभा राहतो. म्हणून बायोडेटात पुढचा शब्द गाळून नुसतं 'असिस्टंट' लिहिणं नुकसानीचं. वाचणाऱ्याला शिपाई आणि अधिकारी यांमधलं काहीही वाटू शकतं.

आता प्रश्नातलं वाक्य दुरुस्त करू. त्यात पाच चुका आहेत आणि पाचही मराठी बोलणाऱ्यांच्या नेहमीच्या आहेत.

पहिली, 'अ असिस्टंट'. शब्द स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन असिस्टंट'. दुसरी, 'ऑफ सीए'. मराठीतलं 'सीएचा असिस्टंट' डोक्यात असतं, '-चा' म्हणजे 'ऑफ' असं शाळेत पाठ केलेलं असतं, आणि ते इथे उतरतं. इंग्रजीत माणसाशी नातं सांगताना या नामामागे 'टू' येतं. तिसरी, 'सीए' हा मोजता येणारा माणूस आहे, त्याआधी 'अ' हवा. चौथी, 'सिन्स थ्री इयर्स'. 'सिन्स' सुरुवातीच्या क्षणाबरोबर येतं, जसं 'सिन्स जून 2022'. किती काळ ते सांगायचं तर 'फॉर थ्री इयर्स'. पाचवी, मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामाला 'आय ॲम वर्किंग' चालत नाही, 'आय हॅव बीन वर्किंग' हवं. वाक्य होतं: 'आय हॅव बीन वर्किंग ॲज ॲन असिस्टंट टू अ चार्टर्ड अकाउंटंट इन फोंडा फॉर थ्री इयर्स.'

व्याकरण झालं, पण या वाक्यात एक खड्डा अजून आहे आणि तो व्याकरणाचा नाही. सीएच्या ऑफिसात 'असिस्टंट' शब्दाला कायदेशीर अर्थ आहे. चार्टर्ड अकाउंटंट्स रेग्युलेशन्स, 1988 मध्ये 'आर्टिकल्ड असिस्टंट' आणि 'ऑडिट असिस्टंट' अशा दोन नोंदणीकृत प्रशिक्षणार्थींच्या जागा आहेत. आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी सीएच्या ऑफिसात करायचं हे नोंदणीकृत प्रशिक्षण, पूर्वी तीन वर्षांची असायची, 2023 च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. 'सीएकडे तीन वर्षं असिस्टंट' असं वाचलं की अकाउंट्समधल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो: आर्टिकलशिप केली का? केली असेल तर 'आर्टिकल्ड असिस्टंट' असंच लिहा, तो शब्द तुमच्या हक्काचा आहे. नसेल केली, नुसती नोकरी असेल, तर 'अकाउंट्स असिस्टंट' लिहा. 'ऑडिट असिस्टंट' नको, ऑडिटच्या फायली हाताळल्या असल्या तरी नको. टॅली, जीएसटी रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन ही कामं खाली वेगळी लिहा.

इथे एक साधा नियम हाताशी ठेवायला हरकत नाही. 'असिस्टंट'च्या डावीकडे काम येतं, उजवीकडे माणूस किंवा जागा. अकाउंट्स असिस्टंट, लायब्ररी असिस्टंट, लॅबोरेटरी असिस्टंट, रिसर्च असिस्टंट, ही सगळी डावीकडची बाजू. उजवीकडे माणूस असेल तर 'टू': असिस्टंट टू द प्रिन्सिपल. विभाग किंवा खोली असेल तर 'इन': ॲन असिस्टंट इन द अकाउंट्स सेक्शन. दुकान, इस्पितळ, कंपनी अशी संस्था असेल तर 'ॲट': ॲन असिस्टंट ॲट अ फार्मसी इन मडगाव. आपल्याकडे कंपनीच्या नावाआधी 'विथ' लिहायची पद्धत आहे, 'वर्किंग विथ अमुक लिमिटेड'. भारतात ते खपतं, बाहेरच्या अर्जात 'ॲट' किंवा 'फॉर' बरं. 'अंडर' मात्र टाळा. 'असिस्टंट अंडर डॉक्टर अमुक' हे आपल्या 'हाताखाली'चं सरळ भाषांतर आहे. वाचणाऱ्याला कळतं, पण कानाला खटकतं.

डावीकडचा शब्द बहुतेक वेळा एकवचनी असतो. दुकानात कितीही माणसं असोत, 'शॉप असिस्टंट'च, 'शॉप्स असिस्टंट' नाही. अपवाद दोन ठळक: 'अकाउंट्स असिस्टंट' आणि 'सेल्स असिस्टंट'. तिथे 'अकाउंट्स' म्हणजे हिशेबाचा विभाग आणि 'सेल्स' म्हणजे विक्रीचं काम, म्हणून एस टिकतो. तो एस गाळून 'अकाउंट असिस्टंट' लिहिलं तर एखाद्या ग्राहकाचं खातं सांभाळणारा, असा जाहिरात कंपन्यांतला अर्थ लागू शकतो.

'ऑफ' कुठेच येत नाही असं मात्र नाही. 'असिस्टंट डायरेक्टर ऑफ ट्रान्सपोर्ट' ही पाटी गोव्यात सगळ्यांच्या ओळखीची आहे, लायसन्स काढायला गेलेल्याने ती वाचलेलीच असते. पण तिथलं 'ऑफ' 'असिस्टंट'चं नाही, 'डायरेक्टर'चं आहे. 'डायरेक्टर ऑफ ट्रान्सपोर्ट' हे अखंड पद, आणि त्याआधी 'असिस्टंट' लागलं. 'असिस्टंट रजिस्ट्रार ऑफ को-ऑपरेटिव्ह सोसायटीज'चंही तेच. हे लक्षात आलं की अनेकवचनही आपोआप सुटतं. अनेक अधिकारी असतील तर एस मुख्य नामाला लागतो: 'असिस्टंट डायरेक्टर्स ऑफ ट्रान्सपोर्ट', 'असिस्टंट प्रोफेसर्स'. पण 'असिस्टंट टू द डायरेक्टर' अनेक असतील तर 'असिस्टंट्स टू द डायरेक्टर', कारण तिथे मुख्य नाम 'असिस्टंट'च आहे. 'असिस्टंट टू द डायरेक्टर्स' लिहिलं तर असिस्टंट एक आणि डायरेक्टर अनेक झाले.

'टू' न वापरता नातं सांगायचं असेल तर मालकी दाखवणारा अपॉस्ट्रॉफी-एस: 'द मॅनेजर्स असिस्टंट'. बोलण्यात हेच जास्त चालतं. औपचारिक पत्रात, पदनाम म्हणून, 'टू'. पर्वरीच्या सचिवालयात मंत्र्यांकडे काम करणारा स्वतःची ओळख 'पीए टू द मिनिस्टर' अशी देतो, त्याच्याविषयी बोलणारे 'द मिनिस्टर्स पीए' म्हणतात. दोन्ही बरोबर, 'पीए ऑफ मिनिस्टर' नाही.

आता सर्वांत जास्त घडणारी चूक. नामामागे 'टू' येतं हे शिकलं की लोक क्रियापदामागेही 'टू' लावतात: 'आय असिस्टेड टू द मॅनेजर'. हे सरळ मराठीतून येतं, 'मॅनेजरला मदत केली', आणि '-ला' म्हणजे 'टू' हे डोक्यात घट्ट बसलेलं. 'असिस्ट' क्रियापदाला लगेच कर्म लागतं, मधे काही नको: 'आय असिस्टेड द मॅनेजर'. कशात मदत केली ते सांगायचं तर 'इन' आणि पुढे आयएनजी, किंवा 'विथ' आणि पुढे नाम: 'असिस्टेड द मॅनेजर इन प्रिपेअरिंग टेंडर्स', 'असिस्टेड द मॅनेजर विथ टेंडर्स'. बायोडेटात हे क्रियापद फार वेळा येऊ देऊ नका. पाच ओळी 'असिस्टेड'ने सुरू झाल्या की वाचणाऱ्याला वाटतं, स्वतः काहीच केलं नाही. जे काम तुम्ही एकट्याने केलं तिथे नेमकं क्रियापद घाला: 'फाइल्ड', 'रिकन्साइल्ड', 'ड्राफ्टेड', 'चेक्ड'. दुसऱ्याच्या नावावर गेलेल्या कामात तुमचा वाटा होता, तेवढ्याच ठिकाणी 'असिस्टेड'.

'अ' आणि 'ॲन'बद्दल एवढंच, की निर्णय लगेच पुढे येणाऱ्या शब्दाच्या उच्चारावर होतो, नामावर नाही. 'ॲन असिस्टंट', पण 'अ रिसर्च असिस्टंट'. 'ॲन ऑफिस असिस्टंट', पण 'अ लॅब असिस्टंट'. संक्षेपांत लोक हमखास अडतात: 'ॲन एलडीसी', 'ॲन एमटीएस', 'ॲन एचआर असिस्टंट', कारण एल, एम, एच यांचे उच्चार स्वराने सुरू होतात. पण 'अ यूडीसी', कारण यू म्हणताना आधी 'य' येतो. जागा एकच असेल तर आर्टिकल, म्हणजे 'अ', 'ॲन' किंवा 'द', गाळताही येतं: 'शी इज असिस्टंट टू द रजिस्ट्रार'. 'अपॉइंटेड'नंतर ठरावीक पद आलं तरीही गळतं: 'ही वॉज अपॉइंटेड असिस्टंट डायरेक्टर इन 2019'. ही सूट एकमेव जागांपुरतीच आहे. दहा असिस्टंटपैकी एक असाल तर 'ॲन' लावा.

नावाआधी हा शब्द बिरुदासारखा लावू नका. 'असिस्टंट नाईक वुइल मीट यू' असं इंग्रजीत कोणी म्हणत नाही. 'मिस्टर नाईक, असिस्टंट मॅनेजर, वुइल मीट यू' असं होतं. पत्राच्या पत्त्यात आणि सहीखाली पदनाम कॅपिटल अक्षरांनी सुरू होतं. वाक्याच्या ओघात, साधारण अर्थाने आलं तर स्मॉल. बायकांसाठी वेगळं रूप नाही. 'लेडी असिस्टंट पाहिजे' अशा जाहिराती म्हापशाच्या बाजारात आजही लागतात, पण बायोडेटात 'लेडी' लिहायचं काहीच कारण नाही.

आता भावाचा 'हेल्पर'. हा वाईट शब्द नाही, पण आपल्याकडे त्याची जागा ठरलेली आहे. वेर्ण्याच्या कारखान्यांत हेल्पर म्हणजे ऑपरेटरच्या हाताखालचा अकुशल कामगार. अंगणवाडीत सेविका म्हणजे 'वर्कर' आणि मदतनीस म्हणजे 'हेल्पर', सरकारी कागदावरसुद्धा. बसवर, ट्रकवर क्लीनरला हेल्पर म्हणतात. जिथे शिक्षण किंवा विशेष कौशल्य लागत नाही, अंगमेहनत किंवा हरकाम असतं, तिथे हेल्पर. जिथे काही शिकून घेतलेलं काम ठरवून दिलेलं असतं, तिथे असिस्टंट. जीएसटीची रिटर्न भरणाऱ्याने स्वतःला हेल्पर म्हणवून घेणं म्हणजे हातचं कौशल्य कागदावरून पुसून टाकणं. 'अटेंडंट' हा एका जागेशी किंवा माणसाशी बांधलेला: लिफ्ट अटेंडंट, हॉटेलातला रूम अटेंडंट, वॉर्डातला अटेंडंट. 'एड', शेवटी ई असलेला, हा राजकारणातला, लष्करातला किंवा अमेरिकेतल्या घरी रुग्णसेवा करणारा मदतनीस. राज्यपालांचे एडीसी त्याच शब्दातून आले. शेवटचा ई गळला की तो 'मदत' होतो, माणूस राहत नाही, म्हणून स्पेलिंग जपा. 'अकम्प्लिस' आणि 'हेंचमन' हे गुन्ह्यातल्या साथीदाराचे आणि हस्तकाचे शब्द आहेत. शब्दकोशात 'सहायक' बघून ते उचलले जातात, आणि अनर्थ होतो.

भाषांतर करणाऱ्यांना जास्त त्रास 'डेप्युटी', 'जॉइंट' आणि 'असोसिएट' यांचा होतो, कारण मराठीत सगळं 'उप', 'सह' आणि 'सहायक' यांत फिरतं. ढोबळ जुळणी अशी: 'उप' म्हणजे डेप्युटी किंवा व्हाइस, उपजिल्हाधिकारी म्हणजे डेप्युटी कलेक्टर, उपाध्यक्ष म्हणजे व्हाइस-प्रेसिडेंट किंवा व्हाइस-चेअरमन. 'सहायक' म्हणजे असिस्टंट. 'सह' म्हणजे बहुधा जॉइंट, सहसंचालक म्हणजे जॉइंट डायरेक्टर. 'सहयोगी' म्हणजे असोसिएट, सहयोगी प्राध्यापक म्हणजे असोसिएट प्रोफेसर. अर्थाने बघितलं तर डेप्युटी वरिष्ठाच्या जागी बसू शकतो आणि असिस्टंट त्याच्या बाजूला उभा राहतो. पण प्रत्यक्ष चढउतार ज्या त्या संस्थेचा असतो. सरकारी बँकांत असिस्टंट जनरल मॅनेजरच्या वर डेप्युटी जनरल मॅनेजर आहे. म्हणून पदनामाचं भाषांतर कधीही अर्थावरून करू नका. त्या खात्याच्या कागदावर इंग्रजीत जे छापलंय तेच उचला. गोव्यात बहुतेक आदेश राजपत्रात इंग्रजीतून निघतात, तेव्हा शोधायला फार लांब जावं लागत नाही.

'असिस्टंट्स' आणि 'असिस्टन्स' बोलताना जवळजवळ सारखे ऐकू येतात, आणि त्यामुळे लिहिताना हमखास अदलाबदल होते. 'असिस्टन्स' म्हणजे मदत. तिला 'ॲन' लागत नाही, शेवटी अनेकवचनाचा एस लागत नाही, 'मच' लागतं आणि 'मेनी' लागत नाही. 'असिस्टंट्स' म्हणजे माणसं. रिसेप्शनवर 'फॉर असिस्टंट डायल नाइन' अशी पाटी असते, तिथे 'असिस्टन्स' हवं. उलट 'वी नीड टू असिस्टन्स फॉर अवर शॉप' अशी जाहिरात असते, तिथे 'टू असिस्टंट्स', म्हणजे दोन माणसं, हवं. आकडा लागतोय का ते बघा. दोन, तीन, चार म्हणता आलं तर माणूस, नाही तर मदत.

स्पेलिंगमध्ये दोन ठिकाणी घसरतं. पहिलं, एस तीन आहेत: आधी जोडीने दोन, मग आय, मग एकटा. घाईत तो एकटा गळतो आणि 'असिटंट' उरतं. दुसरं, शेवटी एएनटी, ईएनटी नाही. अकाउंटंट, अटेंडंट, कन्सल्टंट, असिस्टंट ही सगळी ए-वाली मंडळी. सुपरिंटेंडंट, प्रेसिडेंट, एजंट ही ई-वाली. ज्या घरांत पोर्तुगीज वाचणारी जुनी माणसं आहेत तिथे चुकण्याचं एक वेगळं कारण असतं: पोर्तुगीजमध्ये हाच शब्द ईएनटीई असा संपतो, आणि तो ई इंग्रजीत शिरतो.

संक्षेप करायचाच तर एएसएसटी, म्हणजे 'असिस्टंट'ची पहिली तीन अक्षरं आणि शेवटचा टी. भारतात आणि अमेरिकेत पुढे टिंब देतात, ब्रिटनमध्ये शेवटचं अक्षर आलेलं असल्यामुळे बरेच जण टिंब देत नाहीत. नुसती पहिली तीन अक्षरं कधीही लिहू नका, तो इंग्रजीत गाढव आणि शिवी असा दुहेरी शब्द आहे. ओळखपत्रावर, व्हिजिटिंग कार्डावर, एक्सेलच्या अरुंद रकान्यात हा घोटाळा आपोआप घडतो: जागा पुरत नाही आणि शब्द तिसऱ्या अक्षरावर कापला जातो. छपाईला देण्यापूर्वी रकाना रुंद करा, नाही तर ओळ स्वतः तोडा. असिस्टंट वरच्या ओळीत आणि मॅनेजर खालच्या ओळीत. प्रूफ नजरेखालून घातल्याशिवाय छापू देऊ नका.

देश बदलला की याच पदनामाचा अर्थ बदलतो, आणि गोव्यातून बोटीवर, आखातात, ब्रिटनमध्ये जाणाऱ्यांना हे आधीच माहीत हवं. आपल्याकडे शाळेत 'असिस्टंट टीचर' म्हणजे पूर्ण वेळ शिकवणारा, वर्ग स्वतंत्र घेणारा शिक्षक, मुख्याध्यापकांच्या तुलनेत 'असिस्टंट'. इंग्लंडमध्ये तोच शब्द वाचला की शिक्षकाच्या मदतीला वर्गात बसणारा 'टीचिंग असिस्टंट' डोळ्यांपुढे येतो. बीएड करून दहा वर्षं गणित शिकवलेल्या माणसाचा अर्ज असा चुकीच्या ढिगात जाऊ शकतो. विद्यापीठात 2010 च्या यूजीसी नियमांपासून 'लेक्चरर'च्या जागी 'असिस्टंट प्रोफेसर' आलं. तो स्वतंत्र अध्यापक आहे, कुठल्या प्रोफेसरचा मदतनीस नाही. हे पद अमेरिकेतही असल्याने तिथे गैरसमज होत नाही, पण पालकांना, नातेवाइकांना समजावताना अजूनही होतो.

'शॉप असिस्टंट' ब्रिटनचा शब्द, अमेरिकेत त्याला 'सेल्स असोसिएट' किंवा 'सेल्सक्लार्क' म्हणतात. 'केअर असिस्टंट' ब्रिटनमध्ये वृद्धाश्रमात किंवा घरी जाऊन वयस्कांची शुश्रूषा करतो, नर्सची पात्रता त्याला लागत नाही. इथे नर्सिंगची पदवी घेतलेल्यांनी तो शब्द स्वतःला लावू नये. दंतवैद्याच्या खुर्चीजवळ उभी राहणारी अमेरिकेत 'डेंटल असिस्टंट', ब्रिटनमध्ये 'डेंटल नर्स'. क्रूझवर 'असिस्टंट वेटर' हे ठरलेलं पद आहे, वेटरच्या खालचं. हॉटेलात स्वतंत्र टेबलं सांभाळली असतील तर बायोडेटात नम्रपणा म्हणून 'असिस्टंट वेटर' लिहू नका, त्याच पायरीवर उभे राहाल. स्वयंपाकघरात भांडी, साफसफाई, भाज्या चिरणं असेल तर 'किचन असिस्टंट'. शेफच्या हाताखाली प्रत्यक्ष रांधत असाल तर 'कॉमी शेफ'. कळंगुटच्या शॅकमध्ये दोन्ही कामं एकाच पोऱ्याकडे असतात, तेव्हा जास्त वेळ कशात गेला ते बघून शब्द निवडा.

'व्हर्च्युअल असिस्टंट'चं अलीकडे नवीनच झालंय. घरबसल्या परदेशी माणसाचे ईमेल आणि कॅलेंडर सांभाळणाऱ्यालाही तेच म्हणतात आणि फोनमधल्या सॉफ्टवेअरलाही. अर्जात 'रिमोट एक्झिक्युटिव्ह असिस्टंट' लिहिलं की माणूस आहे हे स्पष्ट होतं. सॉफ्टवेअरविषयी लिहिताना सर्वनाम 'इट', त्याचा आवाज बाईचा असला तरी.

अनुभवपत्रावरचं पदनाम आणि बाहेरच्या देशातला अर्थ जुळत नसेल तर पदनाम बदलू नका. व्हिसाच्या फायलीत अनुभवपत्र, पगाराची पावती आणि बायोडेटा यांवर एकच शब्द असायला हवा, नाही तर प्रश्न विचारले जातात. मूळ पदनाम जसंच्या तसं ठेवा आणि पुढे स्वल्पविराम देऊन काम सांगा: 'असिस्टंट टीचर, मॅथमॅटिक्स, इंडिपेंडंट चार्ज ऑफ क्लासेस एट टू टेन'. तुमच्या ऑफिसात पदनामच ठरलेलं नसेल, सगळे तोंडीच 'असिस्टंट' म्हणत असतील, तर राजीनामा देण्यापूर्वी सरांना लेटरहेडवर 'अकाउंट्स असिस्टंट', रुजू झाल्याची तारीख आणि तीन-चार मुख्य कामं एवढं लिहून मागा. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या, सही-शिक्का त्यांचा घ्या. नोकरी सोडल्यावर हेच पत्र मिळवायला महिनोन्महिने जातात.